गारांची साक्ष

माझे गाव हसनाबाद, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले. मी शाळेत असताना एका फाल्गुनात आमच्या शिवारावर गारा पडल्या. दुपारपर्यंत लख्ख ऊन होते. चारच्या सुमारास मावळतीकडे आभाळ काळे-तांबूस झाले आणि आधी वारा आला. गोठ्याच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड घरंगळले, दोन पत्रे उडून शेजारच्या परसात जाऊन पडले. मग राहिलेल्या पत्र्यांवर एकेक टोला पडू लागला आणि बघता बघता कोणी कोणाशी बोललेले ऐकू येईना. आजीने कोपऱ्यातली पहार उचलली आणि अंगणात फेकली. गारा पडू लागल्या की अंगणात लोखंड टाकावे, म्हणजे त्या थांबतात, असे तिचे म्हणणे. पंधरा-वीस मिनिटांनी गारा थांबल्या. आजीच्या चेहऱ्यावर समाधान होते. वडील मात्र शेताकडे निघाले होते.

गहू आडवा झाला होता. हरभऱ्याचे घाटे जमिनीत रुतले होते. नाल्यापलीकडच्या रानात मात्र नुसता पाऊस झाला होता, तिथले पीक उभे होते. पाचव्या दिवशी पंचनामा करायला माणसे आली. त्यांनी विचारले, "गारा केवढ्या होत्या?" वडील म्हणाले, "लिंबाएवढ्या." शेजारी म्हणाला, "बोराएवढ्या." तिसऱ्याने सुपारीची उपमा दिली. आलेल्या गृहस्थांनी जरा विचार करून कागदावर 'मध्यम' असे लिहिले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्यासमोर एकही गार नव्हती.

हे 'मध्यम' माझ्या मनात बरीच वर्षे राहिले. पूर ओसरला तरी भिंतीवर त्याची रेघ राहते. दुष्काळ कोरड्या विहिरीत दिसतो. चक्रीवादळ उन्मळलेली झाडे मागे ठेवून जाते. गारपीट मात्र आपला पुरावा स्वतःच वितळवून टाकते. त्यामुळे गारपिटीचा इतिहास हा बराचसा साक्षीदारांचा इतिहास आहे. गारा कोणी पाहिल्या, कोणी मोजल्या आणि कोणाचे म्हणणे लिहून ठेवले गेले, यावर तो उभा आहे. आमच्याच जिल्ह्यात असईची लढाई झाली. तिची तारीख, २३ सप्टेंबर १८०३, सैन्याच्या हालचालींच्या नकाशांसह पुस्तकांत सापडते. त्याच रानांवर शेकडो वर्षे पडलेल्या गारांच्या बाबतीत असा कागद सहसा हाती लागत नाही.

पावसाला माप, गारांना उपमा

आपल्याकडे पाऊस मोजण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, तोंडाचे भांडे पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले आहे. त्या ग्रंथात कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याची यादीही आहे, आणि तिच्यात अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण दिला आहे. अश्मक म्हणजे सर्वसाधारणपणे गोदावरीकाठचा मुलूख मानला जातो. म्हणजे आपल्या भागाच्या पावसाला फार पूर्वीच आकडा मिळाला होता. पेरणी कशाची करायची आणि सरकारी उत्पन्न किती येणार, हे पावसावर ठरत असे. ज्याच्यावर महसूल अवलंबून, त्याचे मोजमाप आधी सुरू होते.

गारांना असे माप मिळाले नाही, कारण पर्जन्यमापकात त्या नीट मोजल्याच जात नाहीत. काही गारा भांड्याच्या काठावर आपटून बाहेर उडतात, काही नरसाळ्यात अडकून बसतात आणि उरलेल्या वितळून पाण्यात मिसळतात. दुसऱ्या दिवशी नोंद होते ती '२० मिलिमीटर पाऊस' अशी. शेतकऱ्याला वाटते की २० मिलिमीटर पाऊस म्हणजे रब्बीला वरदान!

माप नाही म्हणून उपमा आल्या. हरभरा, बोर, सुपारी, लिंबू, अंडे हे आपले गारांचे परिमाण. यात खेडवळ काही नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. गारपिटीने झालेल्या मृत्यूंचा हा जगातला सर्वांत मोठा नोंदलेला आकडा मानला जातो. तिथल्या गारांचे वर्णन काय उरले? हंसाची अंडी, संत्री आणि क्रिकेटचे चेंडू! इंग्रज अधिकाऱ्यापाशीही त्या क्षणी मोजपट्टी नव्हती.

गारपगारी

भोकरदन-जाफराबादच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड सुरू होतो. वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांत गारपगारी नावाचे लोक असत. नाथपंथी जोग्यांशी नाते सांगणारा हा समाज. गावाच्या पिकावर गारा पडू न देणे, हे त्यांचे वंशपरंपरागत काम आणि त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्याचा वाटा देत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात त्यांची माहिती आहे. आभाळात काळा-तांबडा रंग मिसळलेला दिसला की गारपगारी मारुतीच्या देवळापुढे उभा राहून ढग हटवण्याची विनवणी करी. विनवणीने भागले नाही तर तो धमकीवर येई आणि स्वतःला इजा करून घेण्याची भीती देवाला घाली. पूर्वी तो अंगावर शस्त्राने जखमाही करून घेत असे.

आज हे वाचताना हसू येण्याचा संभव आहे. पण थोडा विचार करू या. रब्बीचे पीक हाताशी आले आहे, वर्षाची भाकरी रानात उभी आहे आणि तिच्यावर येणाऱ्या संकटाला काही उपाय नाही. अशा वेळी सगळ्या गावाने थोडे थोडे धान्य देऊन एक माणूस नेमला, हे समजण्यासारखे आहे. काळे-तांबडे आभाळ ही त्याची खूणही अगदी निराधार नव्हती. रोज आभाळ पाहणाऱ्याची ती नजर होती. चूक होती ती उपायात, आणि ती चूक केवळ वऱ्हाडातली नव्हती.

घंटा, तोफा आणि एक चांगला प्रयोग

युरोपात गारा व विजा हटवण्यासाठी चर्चच्या घंटा वाजवीत. गावातल्या सर्वांत उंच मनोऱ्यात, ओल्या दोराला धरून, वादळात उभे राहण्याचे ते काम. १७८४ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले.

१३ जुलै १७८८ रोजी फ्रान्सवर मोठी गारपीट झाली. पिके गेली, धान्य महागले आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राज्यक्रांती झाली. क्रांतीची कारणे अनेक होती, पण महाग पाव हे त्यांतले एक होते. विज्ञानाच्या दृष्टीने त्या गारपिटीचे महत्त्व वेगळे आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने गावोगावची माहिती गोळा करून तिचा नकाशा काढला. गारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या दोन समांतर पट्ट्यांत पडल्या होत्या. एक पट्टा सुमारे १६ किलोमीटर रुंद, दुसरा सुमारे ८ किलोमीटर, आणि मधल्या २० किलोमीटरमध्ये नुसता पाऊस. आमच्या नाल्यापलीकडचे उभे पीक मला या नकाशात सापडले. गारपीट पट्ट्यात होते, हे त्या शेकडो गावांच्या साक्षी एका कागदावर आल्यावर दिसले. कोणत्याही एका गावाला ते दिसले नसते.

शंभर वर्षांनंतर, १८९६ साली, ऑस्ट्रियातील श्टायरमार्क प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्षबागाइतदाराने गारांवर तोफा डागायला सुरुवात केली. या तोफांना लांब कर्णा असे आणि त्यांतून धुराचे कडे वर जाई. पहिली दोन वर्षे त्याच्या बागांवर गारा पडल्या नाहीत. झाले! थोड्याच काळात उत्तर इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. गारा पडल्या नाहीत की तोफ यशस्वी, आणि पडल्या की तोफ उशिरा डागली, असा सगळा कारभार होता. १९०२ साली ग्राट्स येथे तज्ज्ञांची परिषद भरली. तिच्यात ठरले की ऑस्ट्रियात व इटलीत एकेक प्रदेश निवडायचा, तिथे तोफा व्यवस्थित डागायच्या आणि काय होते ते पाहायचे. दोन वर्षांत दोन्ही ठिकाणी भरपूर गारा पडल्या आणि तोफांचा विषय तेव्हापुरता मिटला. (आजही काही देशांत आणि आपल्या हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या बागांत गारविरोधी तोफा दिसतात. त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही.)

आजीची पहार, गारपगाऱ्याची विनवणी आणि श्टीगरची तोफ या तिघांना यश मिळण्याचे कारण एकच. गारांचा ढग ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने पुढे सरकत असतो आणि गारा पडणारा भाग काही किलोमीटरच रुंद असतो. म्हणून एका जागी गारा काही मिनिटेच पडतात. काहीही करा, त्या थांबणारच! उपाय खरा की खोटा हे ठरवायचे तर उपाय केलेल्या आणि न केलेल्या जागांची तुलना हवी, आणि तुलनेसाठी नोंद हवी.

५९७ वादळे

भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. १८६४ साली कलकत्त्याला उद्ध्वस्त करणाऱ्या चक्रीवादळानंतर आणि दुष्काळांच्या अनुभवानंतर सरकारला त्याची गरज पटली होती. जहाजांसाठी वादळाची सूचना आणि शेतीसाठी मोसमी पावसाचा अंदाज ही खात्याची मुख्य कामे. खात्याचे प्रमुख जॉन एलियट यांनी १८९९ साली भारतातील गारपिटीवर एक निबंध प्रसिद्ध केला. १८८३ ते १८९७ या १५ वर्षांत नोंदल्या गेलेल्या ५९७ गारपिटी त्यांनी एकत्र केल्या. त्यांपैकी १५३ वेळा गारांचा व्यास ३ सेंटिमीटर किंवा जास्त होता. उपमांच्या जागी सेंटिमीटर आल्याबरोबर केवढा फरक पडला! आपल्याकडे पडणाऱ्या नोंदलेल्या गारपिटींपैकी साधारण चौथा हिस्सा मोठ्या गारांचा आहे, हे कळले.

व्यासाला एवढे महत्त्व का, हे वर्गात करून पाहण्यासारखे गणित आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वस्तुमान आठपट होते. हवेचा विरोध आणि वजन यांचा तोल साधणारा तिचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेगाचा वर्ग दुप्पट होतो. गतिज ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून ती आठ गुणिले दोन, सोळापट होते. दोन सेंटिमीटरची बोराएवढी गार ढोबळमानाने ताशी ५०-५५ किलोमीटर वेगाने पडते, चार सेंटिमीटरची लिंबाएवढी ७५ च्या आसपास. माझ्या वडिलांचे 'लिंबू' आणि शेजाऱ्याचे 'बोर' यांत सोळापट अंतर होते, आणि कागदावर ते दोन्ही 'मध्यम' या एका शब्दात मावले.

गार कशी वाढते

गारांसाठी दोन गोष्टी हव्यात: खाली ओलसर, तापलेली हवा आणि वर पुरेशी थंडी. अशी हवा वेगाने वर चढते व उंच ढग तयार होतो. ढगाच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब शून्य अंशाखालीही द्रवरूपातच असतात. त्यांना अतिशीत थेंब म्हणतात. एखाद्या हिमकणाला ते चिकटले की तिथेच गोठतात आणि गार वाढू लागते. वर चढणारी हवा तिला तोलून धरू शकते तोवर ती वाढते. जड झाली की पडते. गार कापली तर कांद्यासारखे थर दिसतात. भराभर गोठलेल्या थरात हवेचे बुडबुडे अडकतात व तो पांढरा दिसतो. सावकाश गोठलेला थर काचेसारखा पारदर्शक असतो. विजेच्या घटाचा शोध लावणारा व्होल्टा याला वाटे की विद्युतभारित दोन ढगांच्या मध्ये गारा चेंडूसारख्या नाचतात. त्याच्यासारख्या माणसालाही ढगाच्या आत डोकावता येत नव्हते.

ऐन पावसाळ्यात आपल्याकडे गारा क्वचित पडतात. तेव्हा शून्य अंशाची पातळी बरीच उंच असते आणि गार जमिनीवर येईपर्यंत वितळते. फेब्रुवारी ते एप्रिल हा धोक्याचा काळ. वर उत्तरेकडून थंड पश्चिमी वारे उतरतात आणि खाली समुद्रावरून बाष्प येते. नेमका तेव्हाच आमचा गहू ओंबीत, हरभरा घाट्यात आणि आंबा मोहरात असतो.

२०१४ आणि नंतर

२०१४ साली हे दोन प्रवाह मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रावर भेटले आणि भेटतच राहिले. गारपीट एरवी एखाद-दुसऱ्या दिवसात आटोपते. तेव्हा ती फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून होत राहिली. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला. गहू, हरभरा, शाळू, द्राक्षे, डाळिंबे, मोसंबी गेली, जनावरे आणि पक्षी मेले. पुढे ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना जिल्ह्यात पुन्हा मोठ्या गारा पडल्या.

२०१४ साली मराठवाड्यात हवामान खात्याचे डॉपलर रडार नव्हते. जवळची रडारे मुंबई आणि नागपूर येथे, म्हणजे हसनाबादहून ३०० किलोमीटरपेक्षा अधिक दूर. रडारचा झोत जवळजवळ सरळ जातो, पृथ्वी मात्र वाकलेली आहे. ३०० किलोमीटरवर झोताची उंची सुमारे ८ किलोमीटर होते. म्हणजे गावावरच्या ढगाचा फक्त माथा दिसतो आणि पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांवर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजला जातो. गारा त्यांनाही मोजता येत नाहीत.

आणि साक्षीची गरज तर वाढली आहे. सरकारी मदतीसाठी पिकाच्या नुकसानीची मर्यादा २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली गेली. २०१६ साली आलेल्या पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरली गेली आणि शेतकऱ्याने ७२ तासांत कळवावे असा नियम झाला. या तरतुदी राज्यात पुढे बदलल्या. पण नियम कोणताही असो, प्रश्न तोच राहतो: गारा कुठे पडल्या आणि केवढ्या?

थर्माकोलचा साक्षीदार

या प्रश्नाचे एक स्वस्त उत्तर १९६० च्या सुमारास अमेरिकेत निघाले. फोमचा चौकोनी तुकडा ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून उघड्यावर ठेवायचा. गार आपटली की खळगा पडतो. गार वितळली तरी खळगा राहतो. खळग्याच्या व्यासावरून गारेचा आकार, खळग्यांच्या संख्येवरून गारांची घनता आणि लांबट खळग्यांच्या रोखावरून वाऱ्याची दिशा कळते. १९९७ साली कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स गावात मोठा पूर आला. पाऊस गावाच्या एका भागात किती वेगळा पडला हे अधिकृत केंद्रांना पुरेसे कळले नव्हते. दुसऱ्या वर्षी तिथे सामान्य नागरिकांचे पाऊस आणि गारा मोजणारे जाळे सुरू झाले, आणि त्यात शाळकरी मुलेही होती. ते आता अमेरिकाभर पसरले आहे.

आपल्या शाळांना हे सहज जमेल. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्यातला कडक थर्माकोल घ्या, ३० सेंटिमीटर लांब-रुंद व दोन-अडीच सेंटिमीटर जाड. त्यावर पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद ताणून चिकटवा. शाळेच्या आवारात झाडे व भिंती यांपासून दूर, मीटरभर उंच खांबावर आडवा बसवा. उत्तर दिशेची खूण करा.

मग परीक्षण. दोन सेंटिमीटर व्यासाची पोलादी गोळी (जुन्या बेअरिंगमधली चालेल) सुमारे १.३ मीटर उंचीवरून सोडली, तर तिची ऊर्जा दोन सेंटिमीटरच्या पडत्या गारेएवढी भरते. बर्फाची घनता ०.९, पोलादाची ७.८ आणि वर दिलेला वेग घेऊन हे गणित नववी-दहावीच्या मुलांना करता येईल. वेगवेगळ्या गोळ्यांच्या खळग्यांची मापे घेऊन आलेख काढून ठेवला की गारांचे माप वाचता येते. वादळ चालू असताना मात्र कोणीही बाहेर जायचे नाही, कारण गारांच्या ढगात विजाही असतात. साक्षीदार बाहेर बसलेलाच आहे. नंतर तुकडा काढायचा, त्यावर गाव, तारीख आणि वेळ लिहायची व नवा बसवायचा.

एका शाळेचा तुकडा फार काही सांगणार नाही. पण भोकरदन तालुक्यातल्या वीस शाळांचे तुकडे एका टेबलावर मांडले, तर १७८८ च्या फ्रान्समध्ये दिसला तसा पट्टा आपल्याला दिसेल. त्यात कदाचित हेही दिसेल की नाल्याच्या अलीकडे सत्तर खळगे आणि पलीकडे एकही नाही. हा तुकडा सरकारी पुरावा म्हणून लगेच चालेल असे नाही. एलियट यांच्या ५९७ नोंदीही आधी कुठल्या तरी ठिकाणी कोणी तरी लिहून ठेवल्या, म्हणूनच पुढे उपयोगी पडल्या.

आजीची ती पहार अजून घरी आहे. गेल्या खेपेला गेलो तेव्हा तिच्याच शेजारी अंगणातल्या खांबावर एक थर्माकोलचा तुकडा बसवून आलो. भाच्याने विचारले, "मामा, यानं गारा थांबतील का?" मी म्हणालो, "नाही रे. पण कोणी विचारलं केवढ्या होत्या, तर सांगता येईल."